गेल्या वर्षी पाऊण क्विंटल गहू किडला. यंदा वर्षाचं धान्य नीट भरायचंय, मदत करा

ओंजळ | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार. बाजारात नवा गहू आलाय. आमच्या सोसायटीत रोज कुणाच्या तरी दारात पोती उतरताहेत. माझा मात्र हात धजत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

सासूबाई गेल्यानंतर गेल्या वर्षी पहिल्यांदाच वर्षाचं धान्य मी एकटीने भरलं. लोकवन गहू एक क्विंटल, ज्वारी तीस किलो, तांदूळ पन्नास किलो, शिवाय तूरडाळ, हरभरा, मूग, चवळी. गहू पोत्यातून थेट पत्र्याच्या पिंपात ओतला. ऊन दिलं नाही, कारण दुकानदार म्हणाला, "मशीनवर साफ केलेला आहे ताई, लगेच भरा." वरून कडुलिंबाचा पाला घातला, तोही झाडावरून तोडून आणला तसाच, हिरवागार.

जुलैपर्यंत वरवर सगळं ठीक दिसत होतं. ऑगस्टमध्ये एकदा दळण काढायला पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि आतला गहू कोमट लागला. बाहेर धो धो पाऊस, घरात गारठा, आणि धान्य आतून तापलेलं. मूठ बाहेर काढली तर दाण्यादाण्याला टाचणीने पाडावं तसं भोक, आणि तळहातावर पाच-सहा सोंडे चालत होते. मूठभर दाणे पाण्यात टाकले, निम्म्याहून जास्त तरंगले. जिथे पाला होता तिथे गव्हाच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्यांना कुबट वास.

घाबरून त्याच दुकानात गेले. त्याने कागदात गुंडाळून दोन गोळ्या दिल्या. म्हणाला, पिंपात टाका आणि झाकण घट्ट लावा. मी टाकल्या. रात्री स्वयंपाकघरात लसणासारखा वास सुटला आणि धाकट्याला मळमळायला लागलं. नवऱ्याने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्ही मुलांना घेऊन बहिणीकडे झोपायला गेलो. तो गहू पुढे गाईला घालायचाही धीर झाला नाही.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, गच्ची वापरता येते. माणसं पाच. जे खरंच वर्षभर टिकवतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सुतळी | १२ एप्रिल, रात्री १०:५५

ताई, आधी गोळ्यांचं बोलतो, बाकी सगळं नंतर. मी एकतीस वर्षं धान्याच्या गोदामात काढली आहेत.

तुम्हाला दिलेल्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या होत्या, लसणासारखा वास तेच सांगतो. हवेतली आर्द्रता लागली की ही गोळी फुलते आणि फॉस्फीन वायू सोडते. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू निघतो. माणसाच्या शरीरात हा वायू गेला तर त्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणं सांभाळतात. बंद खोलीत धान्याशेजारी झोपलेली कुटुंबं यात गेलेली आहेत. तुम्ही त्या रात्री घर सोडलंत ते फार योग्य केलंत.

गोदामात आम्ही थप्पीवर ताडपत्री टाकायचो, कडेने वाळू भरलेल्या लांब पिशव्या ठेवून हवा बंद करायचो, दाराला कुलूप आणि धोक्याचा फलक, आठवडाभर आत कोणी नाही, मग उघडून हवा खेळू द्यायची. हे काम फक्त सरकारी यंत्रणा आणि परवाना असलेल्या कीडनियंत्रकांनी करायचं, असा नियम आहे. दुकानदाराने ती गोळी घरी वापरायला देणं हाच गुन्हा आहे.

हे वाचणाऱ्या कुणी आज घरात अशी गोळी टाकली असेल तर पिंप उघडून बघू नका. सगळ्यांना बाहेर काढा, शेजाऱ्यांना सांगा, ११२ वर फोन करा. गोळीवर पाणी मुळीच ओतू नका.

गव्हाचं उद्या लिहितो.

चिंचगूळ | १२ एप्रिल, रात्री ११:३०

वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे आई पूर्वी काचेच्या छोट्या कुप्या आणायची, कापडात गुंडाळून फोडून गव्हात खुपसायची. त्याही याच जातीच्या का? आणि पाऱ्याच्या टिकड्यांचं काय? माझ्या जाऊबाई अजून वापरतात.

सुतळी | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

त्या ईडीबीच्या, म्हणजे इथिलीन डायब्रोमाइड या कीडनाशकाच्या कुप्या. त्या औषधावर देशात २००१ पासून बंदी आहे. पारा साध्या खोलीतल्या तापमानालाही वाफ होऊन उडतो आणि ती वाफ विषारी असते, टिकडी कापडी पिशवीत बांधली तरी. जाऊबाईंना आजच सांगा.

आता गहू. ताई, कीड तुमच्या पिंपात बाहेरून आली नाही, पोत्यातून आली. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक चिकट द्रावाने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आत वाढते, कोषही आतच करते. म्हणून मशीनवर चाळलेला गहू स्वच्छ दिसतो, पण आतली अंडी चाळणीतून पडत नाहीत. दमट, उबदार हवेत अंड्याचा किडा व्हायला साधारण महिना-सव्वा महिना लागतो. एक मादी तीन-चारशे अंडी घालते. एप्रिलमध्ये पोत्यात दहा किडे असले तर ऑगस्टपर्यंत त्यांची तिसरी-चौथी पिढी चालू होते. हात कोमट लागला तो त्यांच्याच श्वासाने. किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि ओल सुटते, त्या ओलीवर बुरशी येते, बुरशी आणखी तापवते.

यावर घरात करण्याजोगा उपाय एकच, धान्य कोरडं करणं. गव्हात ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. दहाच्या खाली नेलात तर सोंड्यांची वाढ खुंटत जाते. पाला, एरंडेल, लवंगा, बिब्बे हे सगळं त्यानंतर. ओल्या धान्यात औषधांचं पोतं ओतलंत तरी ते टिकणार नाही.

खुरपं | १३ एप्रिल, सकाळी ८:५०

सुतळी काकांना पूर्ण अनुमोदन. आम्ही लातूरकडचे, शेती आहे. आमच्याकडे गहू, ज्वारी भरायच्या आधी दोन कडक उन्हं द्यायचीच. ताडपत्री किंवा जुन्या चादरींवर चार बोटं जाडीचा थर, दर दोन तासांनी पायाने नांगर फिरवल्यासारखं फिरवायचं. संध्याकाळी लगेच भरायचं नाही. घरात पसरून रात्रभर गार होऊ द्यायचं, सकाळी भरायचं. गरम धान्य पत्र्यात कोंडलं की पत्रा गार होताना आतून घाम धरतो, आणि ती ओल वरच्या थरात उतरते.

वाळलं की नाही ते दाताखाली कळतं. दाणा 'कट्' करून दोन तुकडे झाला पाहिजे. दबला, चपटा झाला तर अजून एक ऊन.

तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नका. तो तडकतो आणि कणी होते. सावलीत, वाऱ्यावर पसरा.

ओंजळ | १३ एप्रिल, दुपारी १:०५

इतकी माहिती एका रात्रीत मिळाली, मनापासून आभार. खुरपं, दाताने बघायचं सासूबाईही करायच्या. मला वाटायचं त्या चव बघताहेत. त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

दाताखेरीज आणखी काही खात्रीची परीक्षा आहे का? मला तेवढा अंदाज येईल असं वाटत नाही.

सुतळी | १३ एप्रिल, दुपारी ३:४०

मिठाची परीक्षा करा. काचेची कोरडी ठणठणीत बरणी घ्या. साधं बारीक मीठ तव्यावर गरम करून गार करा. बरणीत तिसरा हिस्सा धान्य, त्यावर तीन-चार चमचे मीठ, झाकण लावून मिनिटभर हलवा, मग पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, ते धान्य भरूच नका. मीठ सगळं तळाला बसलं तर पहिली पायरी पार झाली. त्यानंतरही दोन उन्हं द्याच, कारण ही परीक्षा पंधराच्या खालचं काही सांगत नाही.

चिंचगूळ | १३ एप्रिल, सायंकाळी ६:२०

मुंबईत आम्हाला गच्ची नाही, मे महिन्यातही हवा दमट. रवा आठ दिवसांत सादळतो. मी तांदळाला बोरिक पावडर लावते, आई लावायची, कधी कीड नाही. हे चुकीचं आहे का? शिजवताना तीन पाण्यांनी धुते.

सुतळी | १३ एप्रिल, रात्री ८:०० 

चुकीचं आहे असंच म्हणेन. अन्नात घालायला आपल्याकडे परवानगी असलेल्या पदार्थांत बोरिक आम्ल नाही. धुऊन बरंचसं जातं, सगळं जातं याची हमी तुम्हाला कोण देणार? घरात लहान मुलं असतील तर तो तांदूळ नकोच. एरंडेल लावा, किलोला चहाचा एक चमचा, हाताला चोळून सगळ्या दाण्यांना पुसटसं लागेल असं. अंड्यांचा श्वास कोंडतो, किड्याला दाण्यावर पकड मिळत नाही, आणि हे तेल लवकर खवटही होत नाही.

आणि मुंबईत वर्षाचं भरायचा आग्रह सोडा, असं माझं मत. दोन-दोन महिन्यांचं घ्या.

खुरपं | १३ एप्रिल, रात्री ९:१०

कडधान्यांबद्दल लिहायचं राहिलं. त्यांचा भुंगा वेगळा, तो शेतातूनच शेंगेवर बसून येतो. अख्ख्या चवळीचा, मुगाचा, हरभऱ्याचा दाणा उजेडात धरून बघा. त्यावर खसखशीच्या दाण्याहून बारीक, पांढरा, चिकटवल्यासारखा ठिपका दिसला तर ते अंडं आहे. अळी तिथूनच खाली दाण्यात शिरते. पुढे दाण्याला गोल खिडकी दिसते, ती उघडून भुंगा बाहेर. त्याला अंडी घालायला गोल, गुळगुळीत, अख्खा दाणा लागतो. म्हणून आमच्याकडे तूर, हरभरा आला की लवकरात लवकर डाळ करून घेतात, डाळीला हा भुंगा तसा त्रास देत नाही.

बियाणाची किंवा भिजवायची अख्खी कडधान्यं आजी गोवऱ्यांच्या चाळलेल्या राखेत ठेवायची. मडक्यात एक थर दाणे, एक थर राख, वर बोटभर राख. राखेचे कण किड्याच्या अंगावरचं मेणासारखं आवरण खरवडतात आणि तो वाळून मरतो. फ्लॅटमध्ये राख कुठून आणणार, तर तेल लावा किंवा फ्रीझर वापरा.

रानवाट | १४ एप्रिल, सकाळी ६:३०

धागा वाचून राहवलं नाही. मी मंगळवेढ्याकडचा, मालदांडी ज्वारीच्या मुलखातला. आमच्या वाड्याच्या अंगणात पेव होतं. नव्या लोकांसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत गेल्यावर घागरीसारखी रुंद. तळाला आणि कडेने कडब्याच्या पेंढ्या लावायच्या, मग ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, दगडी झाकण, त्यावर माती आणि सारवण.

ज्वारी त्यात दोन-दोन, तीन-तीन वर्षं राहायची. आजोबा त्याचं कारण सांगायचे, 'पेवात वारा मरतो.' ते अगदी खरं आहे. धान्य स्वतः श्वास घेतं, त्यातला चुकार किडा श्वास घेतो, आणि थोड्या दिवसांत आतला प्राणवायू संपून कर्बवायू भरतो. मग किडाही मरतो आणि धान्य निजून राहतं. औषध नाही, पाला नाही.

पण जो वारा किड्याला नाही तो माणसालाही नाही. पेव उघडलं की त्या दिवशी कुणी उतरायचं नाही, हा घरचा कायदा होता. झाकण काढून रात्रभर तोंड उघडं ठेवायचं. सकाळी दोराला कंदील बांधून आत सोडायचा, विझला तर वर ओढायचा आणि पुन्हा थांबायचं. माझ्या लहानपणी शेजारच्या गावात दोन सख्खे भाऊ एका पेवात गेले, दुसरा पहिल्याला काढायला उतरला म्हणून. आमच्या आजोबांनी त्यानंतर पेव भरलं नाही, पुढच्या वर्षी बुजवूनच टाकलं.

त्या ज्वारीच्या भाकरीला किंचित आंबूस वास असायचा. मला तो अजून आठवतो.

ओंजळ | १४ एप्रिल, सकाळी ९:००

रानवाट दादा, दोन भावांचं वाचून खूप वाईट वाटलं. 'पेवात वारा मरतो' हे मात्र मी वहीत लिहून ठेवलंय.

खळं | १४ एप्रिल, सकाळी ९:४५

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, हळद वर्षानुवर्षं तिथे राहायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच गेली.

आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्याकडे तांदूळ साठवत नाहीत, भात साठवतात. तूस अंगावर असलं की किड्याला आत शिरणं अवघड जातं. बांबूच्या कणग्या शेण-मातीने सारवायच्या आणि लागेल तसं भात कांडून आणायचं. पेंढ्याने बांधलेल्या मुड्याही असत. आणि नाचणी! नाचणीला कीड जवळजवळ लागतच नाही, दाणा एवढासा की सोंड्याला आत घर करायला जागाच नाही. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षं राहते. माझी आजी म्हणायची, भात पोटासाठी भरावा आणि नाचणी वाईट वर्षासाठी.

चिंचगूळ | १४ एप्रिल, सकाळी ११:१५

वाईट वर्षावरून, माझ्या सासऱ्यांनी बाहत्तरचा दुष्काळ पाहिलाय. रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले त्यांनी. आजही घरात चार महिन्यांचं धान्य नसेल तर त्यांना झोप लागत नाही. सुतळी काका म्हणतात दोन महिन्यांचं घ्या, पण त्यांच्यापुढे मी कसं बोलू? त्यांना ते धान्य डोळ्यांना दिसावं लागतं.

सुतळी | १४ एप्रिल, दुपारी १२:३०

माझा शब्द मागे घेतो. चार महिन्यांचंच भरा, पण एका मोठ्या पिंपात नको. पंधरा-पंधरा किलोच्या डब्यांत भरा. एक डबा बिघडला तर एकच जाईल, आणि रोज उघडझाप होते ती एकाच डब्याची. बाकीच्यांच्या झाकणाभोवती चिकटपट्टी लावून ठेवा. सासऱ्यांना डबे मोजूनही दाखवता येतील.

दूरदेश | १४ एप्रिल, रात्री ११:५०

मी गेली अकरा वर्षं अमेरिकेत, युटा राज्यात राहतो. इथे पेवाचंच नवं रूप घरोघरी आहे, म्हणून लिहितो.

युटात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक खूप. घरात दीर्घकाळ पुरेल एवढं धान्य ठेवावं अशी त्यांच्या चर्चची शिकवण आहे. त्यांची साठवण केंद्रं आहेत, तिथून इतर कुणालाही गहू, तांदूळ, राजमा, ओट्स मोठ्या पत्र्याच्या डब्यांत सीलबंद विकत मिळतात. त्यांच्या मार्गदर्शनानुसार नीट बंद केलेला गहू, पांढरा तांदूळ आणि वाल-राजमा तीस वर्षं खाण्याजोगे राहतात, मैदा दहा वर्षं. हातसडीचा तांदूळ आणि गव्हाचं पीठ त्या यादीत नाहीत, कारण कोंड्यात आणि अंकुरात तेल असतं आणि ते खवट होतं.

शेजारच्या आजींनी मला शिकवलं ते असं. ॲल्युमिनियमचा थर असलेली जाड पिशवी पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या बादलीत बसवायची. गहू भरायचा, सुमारे पंधरा किलो मावतो. वर प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या, बादलीला एकूण २००० सीसी (घन सेंटिमीटर) प्राणवायू शोषतील एवढ्या. पिशवीचं तोंड इस्त्रीने चिकटवायचं. पुडीत लोखंडाची पूड असते, ती गंजते आणि गंजताना आतला प्राणवायू खाऊन टाकते. दोन दिवसांत पिशवी दाण्यांना आवळून बसते, बाहेरून गव्हाचा दाणा न् दाणा बोटाला लागतो.

दोन गोष्टी जपायच्या. धान्यात ओलावा १० टक्क्यांच्या खाली हवा, कारण हवा नसलेल्या ओल्या जागेत विषारी जिवाणू वाढू शकतात. आणि साखर-मिठात पुडी टाकायची नाही, साखरेची वीट होते. पुड्यांचं पाकीट फोडलं की पंधरा-वीस मिनिटांत काम उरकायचं, उरलेल्या पुड्या लगेच घट्ट बरणीत.

तिकडे ऑनलाइन या पिशव्या आणि पुड्या मिळतात असं भावाने सांगितलं.

रानवाट | १५ एप्रिल, सकाळी ६:१०

म्हणजे आमच्या पेवात जे काम ज्वारीच्या श्वासाने व्हायचं ते तिकडे गंजणारं लोखंड करतं. आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

चिंचगूळ | १५ एप्रिल, सकाळी १०:००

मग डब्यात कापूर किंवा मेणबत्ती पेटवून झाकण लावलं तर? ती विझते म्हणजे प्राणवायू संपला ना? आमच्याकडे एक बाई असंच करतात.

दूरदेश | १५ एप्रिल, रात्री ८:३०

नाही ताई. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो सोळाच्या आसपास आला की ज्योत विझते, पण किडे सोळा टक्क्यांत आरामात जगतात. त्यांना मारायला तो दोन-तीन टक्क्यांच्याही खाली न्यावा लागतो. शिवाय जळताना पाण्याची वाफ निघते, ती डब्यातच राहते. कोरड्या धान्यात आपणच ओल घातल्यासारखं होतं.

लादीपाव | १६ एप्रिल, दुपारी २:२०

मी घरून पाव, केक, नानकटाईच्या ऑर्डरी घेते. मैदा, रवा, कणीक, यीस्ट यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मैदा, रवा, बेसन आणलं की आधी फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशाला चार दिवस. अंडी, अळ्या सगळं मरतं. पिशवी दुसऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, माझ्याकडे पाच किलोला जवळजवळ एक दिवस लागतो. आधी उघडली तर बाहेरची दमट हवा थंड पिठावर पाणी होऊन बसते आणि गुठळ्या होतात. पहिल्यांदा मी हीच घाई केली आणि गौरी-गणपतीच्या ऑर्डरीतला चार किलो मैदा टाकावा लागला. त्यानंतर हवाबंद डब्यात.

पिठातला किडा सोंड्याहून वेगळा, तांबूस आणि चपटा. त्याला अख्खा दाणा फोडता येत नाही, पीठ आणि तुकडे हवे असतात. म्हणून गहू महिन्याला लागेल तेवढाच दळा. गिरणीतून आलेलं गरम पीठ ताटात पसरून गार करा, मग डब्यात. बाजरीचं पीठ तर आठवड्यापुरतंच, त्यातलं तेल लवकर बिघडतं आणि भाकरी कडू लागते.

कोरडं यीस्ट पाकीट फोडल्यावर बरणीत घालून फ्रीझरमध्ये ठेवते, सहा महिने उत्तम चालतं. शंका आली तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट, दहा मिनिटांत फेस आला पाहिजे. बेकिंग पावडर पावसाळ्यात हवेतल्या ओलीने आतल्या आत मरते. चमचाभर पावडरीवर गरम पाणी ओता, जोरात फसफसली तर जिवंत. सोडा बघायचा तर त्यावर लिंबू पिळा. ऑर्डरीच्या आदल्या दिवशी मी हे न चुकता करते.

चिंचगूळ | १६ एप्रिल, दुपारी ४:००

लादीपाव, फ्रीझरचं सोनं सांगितलंस गं. एक शेवटचं विचारते. शेंगदाण्याला कडेने हिरवट बुरशी दिसते कधी कधी. तेवढे दाणे काढून बाकीचे भाजून कूट केलं तर चालेल ना?

सुतळी | १६ एप्रिल, सायंकाळी ५:१०

नाही. सगळे टाका. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजल्याने किंवा शिजवल्याने नष्ट होत नाही, आणि शेजारच्या दाण्यात असलं तरी डोळ्यांना दिसत नाही. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजून बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं यकृत निकामी होऊन गेली. गरीब माणसं, घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून खाल्लं. किडलेला दाणा निवडता येतो, बुरशीचा निवडता येत नाही.

ओंजळ | ९ मे, रात्री १०:१५

भरून झालं! सगळ्यांना कळवायलाच हवं.

गहू या वेळी थेट शेतकऱ्याकडून घेतला, ऐंशी किलो. पहिल्या दिवशी मिठाची परीक्षा, मीठ सगळं तळाला. तरी दोन दिवस गच्चीवर पसरला. मुलांना पायाने धान्य फिरवायचं काम दिलं, धाकटा तर उतरायलाच तयार नव्हता. पहिल्या संध्याकाळी दाणा चावला तर अर्धवट दबला. दुसऱ्या संध्याकाळी 'कट्' आवाज आला, अगदी स्पष्ट. मी तिथेच बसून चार-पाच दाणे चावले.

रात्रभर हॉलमध्ये पसरून गार केला आणि सकाळी पंधरा-पंधरा किलोच्या डब्यांत भरला. चार डब्यांत सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत. पाचव्या डब्यात पाला नाही, त्यात दूरदेश यांनी सांगितलेली पिशवी आणि पुड्या वापरल्या. उरलेला पाच किलो गहू रोजच्या बरणीत. तांदळाला आणि मुगाला एरंडेल. चवळी दोन किलो, ती फक्त उन्हात ठेवून भरली, कारण तेल संपलं होतं. प्रत्येक डब्यावर तारीख लिहिली.

सासूबाईंचं पिंप रिकामंच आहे. गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवलं, पण त्यात त्या गोळ्या होत्या म्हणून धान्य पुन्हा भरवलं नाही.

सुतळी | १० मे, सकाळी ७:००

उत्तम. डबे जमिनीवर नकोत, भिंतीला टेकून नकोत. खाली लाकडी फळी, भिंतीपासून वीतभर अंतर. भिंत पावसाळ्यात ओल देते. आणि दर पंधरा दिवसांनी चालू डब्यात कोपरापर्यंत हात घाला. गार लागला की झालं.

ओंजळ | १४ सप्टेंबर, रात्री ९:२०

गणपतीत मोदक-पुरणाच्या गडबडीत लिहायचं राहून गेलं. आज तिसरा डबा उघडला. हात कोपरापर्यंत घातला, आतला गहू गार. एकही सोंडा नाही. पाचवा डबा अजून उघडलेला नाही, पण वरून चाचपला तर पिशवी तशीच आवळलेली, दाणे बोटाला लागतात. तो पुढच्या मेपर्यंत ठेवणार आहे.

चवळी मात्र गेली. पांढरे ठिपके भरताना नीट बघितले नव्हते, आता प्रत्येक दाण्याला खिडकी. मूग तेलामुळे स्वच्छ आहे. खुरपं, तुमचं म्हणणं तंतोतंत बरोबर निघालं. पुढच्या वर्षी चवळी आणल्या आणल्या चार दिवस फ्रीझरमध्ये जाईल.

उद्या दळण आहे. पाच किलोच काढलाय.